सरकारी भ्रष्टाचार आवरत का नाही? कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षे मी कोल्हापुरात लोकांना माहिती अधिकाराचे आणि अपिलाचे अर्ज लिहून देतो. अर्जावर सही झाली, पोहोच कशी घ्यायची ते सांगून झाले, की खुर्चीवरून उठता उठता बहुतेक जण एखादा प्रश्न विचारतात, आणि तो त्यांच्या अर्जाबद्दल नसतो. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे एका उत्तराचा धागा दुसऱ्यात आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कायदा आहे, वेगळे खाते आहे, तरीही भ्रष्टाचार थांबत का नाही?

कायद्याची उणीव हे त्याचे कारण नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९४७ मध्ये आला, त्याच्या जागी १९८८ चा अधिनियम आला आणि २०१८ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभाग १९५७ पासून आहे. केंद्रात संथानम समितीच्या शिफारशीवरून १९६४ मध्ये दक्षता आयोग स्थापन झाला, पण राज्य शासनाचे कर्मचारी त्या आयोगाच्या कक्षेत येत नाहीत.

अडचण या यंत्रणेच्या बांधणीतच आहे. जवळपास सगळी यंत्रणा तक्रारदाराच्या खांद्यावर उभी आहे. ज्याचे काम अडले आहे, ज्याला त्याच टेबलापुढे पुन्हा उभे राहायचे आहे, त्यानेच तक्रार करायची, पुरावा द्यायचा आणि पुढे काही वर्षे साक्षीसाठी न्यायालयात यायचे. आणि ज्या व्यवहारात देणारा व घेणारा दोघेही खुश असतात, तिथे तक्रारदारच उरत नाही. लहान लाचेत तक्रारदार दुबळा असतो आणि मोठ्या लाचेत तो नसतोच, हे लक्षात ठेवून पुढील उत्तरे वाचावीत.

२. आमचे साधे वारस नोंदीचे काम होते. त्यातही पैसे मागायला वाव कुठून मिळतो?

कागदावर हे काम सरळ आहे. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन तलाठ्याकडे अर्ज करायचा (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात). तो वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये नोंद घेतो, फेरफार धरतो, हितसंबंधितांना नोटीस काढतो, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबतो आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्यासाठी पैसे मागण्याजोगा टप्पा कोणताच नाही.

प्रत्यक्षात काय होते, ते करवीर तालुक्यातील एका प्रकरणात मी जवळून पाहिले. अर्जदार बाई तीन वेळा गेल्या. पहिल्यांदा त्यांना सांगितले गेले की एका मुलीचे लग्नानंतरचे नाव आधारकार्डाशी जुळत नाही. प्रतिज्ञापत्र केल्यावर त्यावर साक्षीदाराची सही नीट उमटली नसल्याचे निघाले. तिसऱ्या खेपेस साहेब ‘मीटिंगला’ गेले होते. टेबलाशी बसलेल्या तरुणाचे नाव कार्यालयाच्या कोणत्याही हजेरीपटावर नव्हते, आपल्याकडे ज्याला ‘झिरो’ म्हणतात तो. त्याने अर्ज परत देताना वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक बारीक टिंब केले आणि ‘काकी, पुढच्या वेळी सगळं घेऊनच या’ एवढेच म्हटले. कुणीही रक्कम उच्चारली नाही. ‘सगळं’ या शब्दाचा अर्थ बाईंना शेजाऱ्याने घरी समजावून सांगितला.

वाव येथे आहे. तिन्ही त्रुटी खोट्या नव्हत्या. फक्त त्या एकाच दिवशी, एकाच कागदावर लिहून देता आल्या असत्या. नियम माहीत असलेला माणूस एकटा, नोंद घेणारा तोच, आणि उशिराची किंमत मात्र पूर्णपणे अर्जदाराची. त्यामुळे काम न करणे हीच विकण्याजोगी वस्तू होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये संस्थानातील वंशपरंपरागत कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले, ते दप्तर एका घराण्याच्या मुठीत राहू नये म्हणून. दप्तर घराण्याकडून गेले. एका टेबलाकडून ते सोडवणे अजून बाकी आहे.

३. सातबारा, दाखले सगळे ऑनलाइन झाले. मग लाच कमी व्हायला हवी होती ना?

काही ठिकाणी झाली आहे, आणि ते नाकारणे अन्यायाचे ठरेल. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो; पूर्वी त्याच कागदासाठी चावडीवर अर्धा दिवस जात असे. जिथे केवळ असलेली नोंद छापून द्यायची आहे, तिथे संगणकाने मधला माणूस खरोखर हटवला. जिथे कुणीतरी निर्णय घ्यायचा आहे, तिथे मात्र अर्ज ऑनलाइन जातो आणि पुन्हा त्याच टेबलावर उघडतो. ‘त्रुटी’ आता शाईऐवजी पडद्यावर येते, इतकाच फरक. शिवाय अर्ज भरता येत नाही म्हणून लोक सेवा केंद्रात जातात आणि तिथे एक नवा मध्यस्थ तयार होतो.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ यावर काही प्रमाणात उपाय आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत दिली नाही, तर दोन अपिले व त्यानंतर आयोग अशी वाट आहे आणि अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अट एकच: अर्जाची तारीख असलेली पोहोच हातात हवी. मुदत पोहोचेपासून मोजली जाते, म्हणूनच तोंडी ‘ठेवून जा’ म्हणणाऱ्याकडे कागद ठेवून येऊ नये.

४. अधिकाऱ्यांच्या हातातील अधिकारच काढून घेतले, तर प्रश्न मिटेल का?

मिटणार नाही, कारण काही निर्णय माणसानेच घ्यावे लागतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतरचे पंचनामे आठवावेत. घर ‘अंशतः’ पडले की ‘पूर्णतः’, या एका शब्दावर मदतीची रक्कम बदलते. आंबेवाडी, प्रयाग चिखली किंवा शिरोळ तालुक्यातील पूर ओसरलेल्या गल्लीत मातीची भिंत उभी दिसत असली, तरी तिचा पाया भिजून गेलेला असू शकतो, आणि हे तिथे उभ्या असलेल्या माणसालाच ठरवावे लागते. तो निर्णय नियमपुस्तकाने बांधून टाकला तर ज्याचे घर खरोखर राहण्याजोगे उरलेले नाही, त्याच्यावरच अन्याय होण्याची शक्यता अधिक.

अधिकार ठेवूनही तो उघड करता येतो. पंचनाम्याची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली, तर कोणाचे घर कोणत्या सदरात गेले ते भावकीला लगेच कळते. गावातले लोक एकमेकांची घरे चांगली ओळखतात. यादी तालुक्याच्या कपाटात राहिली की तोच अधिकार विकाऊ होतो.

५. नाइलाजाने लाच दिली, तर मीही गुन्हेगार ठरतो का?

२०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. मात्र कायद्याने दोन दरवाजे उघडे ठेवले आहेत. लाच देण्यापूर्वीच तपास यंत्रणेला कळवून, तिच्या मदतीसाठी रक्कम दिली, तर तो गुन्हा होत नाही. आणि सक्तीमुळे लाच द्यावी लागली असेल, तर दिल्याच्या तारखेपासून सात दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवल्यास संरक्षण मिळते.

सात दिवसांची ही मुदत माझ्या मते फार तोकडी आहे. ज्याचे काम अजून त्याच कार्यालयात अडकले आहे, तो सातव्या दिवशी नव्हे, काम हातात आल्यावर बोलायला तयार होतो. तोपर्यंत तो स्वतःच आरोपी होण्याच्या भीतीत अडकलेला असतो आणि गप्प बसणे त्याला सोयीचे वाटते. दुरुस्तीचा हेतू देणाऱ्यालाही आळा घालण्याचा होता. परिणामी घेणाऱ्याला एक मुका साक्षीदार मिळतो.

६. ‘सापळा’ म्हणजे नेमके काय होते? माझे पैसे परत मिळतात का?

तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या जिल्हा कार्यालयात प्रत्यक्ष किंवा १०६४ या टोल फ्री क्रमांकावर करता येते. तक्रार आल्याबरोबर छापा घातला जात नाही. प्रथम मागणीची पडताळणी होते: तक्रारदार आवाज टिपणारे यंत्र खिशात घेऊन पुन्हा त्या कार्यालयात जातो आणि सोबत एक पंच असतो. मागणी स्पष्ट ऐकू आली, तरच सापळा लावला जातो.

पंच हे बहुधा दुसऱ्या कार्यालयातील सरकारी कर्मचारी असतात. नोटांचे क्रमांक पंचनाम्यात उतरवले जातात, नोटांना फिनॉलफ्थॅलिनची पूड लावली जाते आणि त्या तक्रारदाराच्या खिशात ठेवल्या जातात. मागितल्याशिवाय नोटांना हात लावायचा नाही, हस्तांदोलन करायचे नाही, असे त्याला दोन-तीनदा बजावले जाते. ठरलेला इशारा, म्हणजे डोक्यावरून हात फिरवणे किंवा चष्मा काढणे, होताच पथक आत येते. घेणाऱ्याची बोटे सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवली की पाणी गुलाबी होते. ते पाणी बाटलीत भरून, लाखेने मोहरबंद करून प्रयोगशाळेत जाते. काही सापळ्यांत अँथ्रासिनची पूड वापरतात. ती अतिनील दिव्याखाली चमकते.

नोटा मुद्देमाल म्हणून जमा होतात, पण तेवढी रक्कम तक्रारदाराला शासनाकडून परत मिळते. अडलेले काम कायदेशीर असेल, तर ते पूर्ण व्हावे म्हणून विभाग पाठपुरावाही करतो.

७. रंगेहाथ पकडलेला माणूस न्यायालयातून सुटतो कसा?

गुलाबी पाणी हा गुन्ह्याचा अर्धाच पुरावा आहे. न्यायालयाला मागणी आणि स्वीकार अशा दोन्ही गोष्टी सिद्ध झालेल्या हव्या असतात. ‘उसने दिलेले परत केले’, ‘शासकीय फी म्हणून घेतले’, ‘माझ्या नकळत ड्रॉवरमध्ये ठेवले’ हे बचाव मागणी डळमळीत असल्यास टिकतात. खटला उभा राहीपर्यंत तक्रारदाराचे काम होऊन गेलेले असते, मधल्या काळात गावातील चार माणसांनी समजूत घातलेली असते आणि तो साक्षीत ‘नीट आठवत नाही’ म्हणतो. पंचाची बदली झालेली असते किंवा तो निवृत्त झालेला असतो. कधी आवाजाच्या नमुन्याचा अहवाल नसतो, तर कधी खटल्याची मंजुरी देणाऱ्याने कागद न वाचता सही केल्याचे उलटतपासणीत निघते.

तक्रारदार फितूर झाला किंवा मरण पावला तरी खटला आपोआप कोसळत नाही. परिस्थितीजन्य पुराव्यावरूनही मागणी सिद्ध करता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १५ डिसेंबर २०२२ रोजी नीरज दत्ता प्रकरणात दिला. तरीही महाराष्ट्रात निकाल लागलेल्या खटल्यांत निर्दोष सुटणाऱ्यांचे प्रमाण दीर्घकाळ दोषी ठरणाऱ्यांपेक्षा अधिक राहिले आहे. खटला दोन वर्षांत संपवण्याचा प्रयत्न करावा आणि मुदतवाढीसह चार वर्षांपलीकडे जाऊ नये, असे भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाचे कलम ४ सांगते. ते ‘प्रयत्न’ या शब्दावर उभे आहे.

८. लिपिक आणि तलाठीच पकडले जातात. मोठे मासे का सापडत नाहीत?

सापळा ज्या प्रकारच्या लाचेसाठी बनला आहे, ती लाच लहान माणूसच स्वतःच्या हाताने घेतो. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ च्या अहवालात सक्तीची लाच आणि संगनमताची लाच असा भेद केला आहे, आणि तो या प्रश्नाचे मूळ उत्तर आहे. सक्तीच्या लाचेत नागरिक नाडला जातो, म्हणून तो कधी ना कधी चिडून तक्रार करतो. संगनमतात ठेकेदार आणि अधिकारी दोघांचाही फायदा असतो. नाडली जाते ती जनता, आणि ती त्या खोलीत नसते.

रस्त्याचे काम घ्या. निविदा ऑनलाइन असते, पण निविदेतील अटी कोणी लिहिल्या, कोणत्या यंत्रसामग्रीची मालकी मागितली आणि त्यामुळे किती जण आपोआप बाहेर पडले, हे आधीच ठरलेले असते. काम मोठे असेल तर त्याचे तुकडे पाडून मर्यादेखाली आणता येते. मग येते मोजमाप पुस्तिका, ठेकेदारांच्या बोलीत ‘एमबी’. डांबराच्या थराची जाडी तिच्यात अभियंता लिहितो आणि तिच्यावरच बिल निघते. पहिल्या वळवाच्या पावसात खडी वर आली, तरी पुस्तिकेतील आकडा बरोबरच असतो, कारण खाली खणून पाहणारे कुणी नसते. या साखळीतील ‘टक्केवारी’ कोणत्याही एका दिवशी, एका खिशात, पूड लावलेल्या नोटांनी जात नाही. ती उपठेक्यातून, नातेवाइकाच्या नावावरील गाडीतून, मुलाच्या शिक्षणाच्या फीमधून फिरते.

अशा माणसाला गाठण्याचा मार्ग म्हणजे अपसंपदेचा तपास, अर्थात ज्ञात उत्पन्नापेक्षा अधिक मालमत्ता. त्यासाठी कित्येक वर्षांचे उत्पन्न, खर्च आणि मालमत्ता यांचा ताळेबंद मांडावा लागतो आणि पत्नीच्या, मेहुण्याच्या, सासऱ्यांच्या सातबाऱ्यापर्यंत जावे लागते. सापळ्याला काही दिवस लागतात. या तपासाला वर्षे. ज्या विभागाचे काम वर्षाअखेरीस गुन्ह्यांच्या संख्येवर मोजले जाते, तो कुठे वळेल हे सांगायला नको.

९. चौकशीसाठी आणि खटल्यासाठी सरकारचीच परवानगी का लागते?

मूळ विचार रास्त आहे. अधिकाऱ्याने धाडसाने, पण प्रामाणिकपणे घेतलेला निर्णय चुकला म्हणून त्याला गुन्हेगार ठरवले जाऊ लागले, तर कोणीही फाईलवर सही करणार नाही. म्हणून भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम १९ नुसार खटल्यासाठी पूर्वमंजुरी लागते आणि २०१८ मध्ये आलेल्या कलम १७-अ नुसार अधिकृत निर्णयाशी संबंधित चौकशी सुरू करण्यासाठीही ती लागते. सापळ्यात जागीच अटक होत असेल, तर १७-अ आड येत नाही.

याचा परिणाम प्रश्न ८ च्या उत्तराशी जोडून पाहावा. सापळ्यातील लिपिकाला १७-अ चे संरक्षण मिळत नाही; निविदेवर सही करणाऱ्याला मिळते. मंजुरीचा निर्णय तीन महिन्यांत आणि फार तर आणखी एका महिन्यात व्हावा असे कायदा म्हणतो, परंतु मंजुरी देणारा आणि ज्याच्याविरुद्ध मागितली तो, हे बहुधा एकाच इमारतीत बसतात.

१०. निलंबित झालेला कर्मचारी काही महिन्यांनी पुन्हा कामावर दिसतो. हे कायदेशीर आहे का?

होय. निलंबन ही शिक्षा नाही. अटकेत अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काळ राहिलेला कर्मचारी निलंबित झाल्याचे मानले जाते आणि त्याला निर्वाह भत्ता मिळतो. आरोपपत्र न देता निलंबन तीन महिन्यांपलीकडे लांबवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अजयकुमार चौधरी प्रकरणात सांगितले. शासनालाही घरी बसवून भत्ता देण्यापेक्षा कमी महत्त्वाच्या जागेवर काम घेणे परवडते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ मुळे बडतर्फीपूर्वी चौकशी आवश्यक असते. फौजदारी आरोपात दोषी ठरल्यास मात्र तशी चौकशी लागत नाही. दोषी ठरायला किती वेळ लागतो, ते प्रश्न ७ मध्ये आले आहे.

११. अशा माणसाची बदली करून टाकली, तर निदान आमचा तालुका तरी सुटेल ना?

आपला तालुका कदाचित सुटेल. गगनबावड्याचा त्रास चंदगडला जाईल. बदलीने माणूस हलतो, टेबल तसेच राहते.

बदली हे स्वतःच भ्रष्टाचाराचे साधनही आहे. ‘मलईदार’ जागा आणि ‘साइड पोस्टिंग’ हे शब्द सरकारी वर्तुळात सहज वापरले जातात, यातच सगळे आले. ज्याने जागेसाठी पैसे मोजले, तो ते वसूल करणार, आणि प्रामाणिक अधिकाऱ्यावर बदलीची टांगती तलवार राहणार. महाराष्ट्राने २००५ मध्ये यासाठी कायदा केला: सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा, बदल्या एप्रिल-मेमध्ये, आणि मुदतपूर्व बदलीसाठी लेखी कारणे. अपवादाचे दार इतके रुंद आहे की ‘प्रशासकीय निकड’ हे कारण सर्वांना पुरते. याच कायद्यात कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त काळ प्रलंबित राहू नये असेही कलम १० मध्ये आहे. हे कलम अर्जात उद्धृत केल्यावर फायली हललेल्या मी पाहिल्या आहेत.

१२. मुळात राजकारणच स्वच्छ नाही, मग अधिकाऱ्यांना दोष का द्यायचा?

दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. विधानसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात खर्चाची मर्यादा चाळीस लाख रुपये आहे. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कोणतीही चुरशीची निवडणूक जवळून पाहिलेल्या माणसाला चाळीस लाखांत ती कशी होते असा प्रश्न पडतो. वरचा पैसा येतो तो बहुधा प्रश्न ८ मधील साखळीतून, आणि निवडून आल्यावर तिकडेच परतफेड होते.

परंतु लोकप्रतिनिधी नसले म्हणजे कारभार आपोआप स्वच्छ होतो, हेही खरे नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये मुदत संपल्यानंतर कोल्हापूर महानगरपालिकेत पाच वर्षे प्रशासक होते. त्या काळात ठरावांवर सभागृहात प्रश्न विचारणारे, आरडाओरडा करून का होईना एखादे बिल अडवणारे कोणी नव्हते. टोल रद्द करायला लावणाऱ्या या शहरात रस्त्यावरचे आंदोलन हेच सभागृह बनले, पण आंदोलन रोजची बिले तपासू शकत नाही.

१३. पगार वाढवले किंवा शिक्षा कडक केली तर?

पगारवाढीने गरजेपोटीची लाच कमी होऊ शकते. जागेची किंमत वसूल करण्यासाठी घेतलेली होत नाही. शिक्षेचा अनुभव ताजा आहे: २०१४ मध्ये लागू झालेल्या लोकपाल अधिनियमाने लाच घेण्याची किमान शिक्षा सहा महिन्यांवरून तीन वर्षांवर नेली. शिक्षा होण्याची खात्री मात्र त्यामुळे वाढली नाही. किमान शिक्षा जितकी जास्त, तितका न्यायालयाला पुरावा निःसंशय हवा असतो.

१४. लोकायुक्तांकडे जावे का?

जावे, पण अपेक्षा योग्य ठेवून. लोकायुक्त प्रत्यक्ष काम करू लागलेले महाराष्ट्र हे पहिले राज्य. कायदा १९७१ चा आहे. त्या कायद्याखाली लोकायुक्त चौकशी करून शिफारस करतात, शिक्षा देत नाहीत. अडलेले निवृत्तिवेतन, न मिळालेला मोबदला अशा गाऱ्हाण्यांत त्यांच्या पत्राचा उपयोग होतो, कारण खात्याला लेखी उत्तर द्यावे लागते. केंद्रातील लोकपालाचा कायदा २०११ च्या आंदोलनानंतर झाला आणि पहिले लोकपाल मार्च २०१९ मध्ये नेमले गेले. यंत्रणा उभारायलाच एवढा वेळ लागतो, हेही आपल्या मूळ प्रश्नाचे एक उत्तर आहे.

१५. माहिती अधिकाराने काही साध्य होते का?

लहान कामांत पुष्कळ होते. ‘माझ्या अर्जावर कोणत्या तारखेला, कोणत्या कर्मचाऱ्याने काय कार्यवाही केली’ हा एकच प्रश्न दहा रुपयांच्या अर्जात विचारला की बहुतेक वेळा उत्तराऐवजी काम होते. तीस दिवसांत माहिती, नंतर पहिले अपील आणि मग राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरे अपील, अशी आपल्याकडची वाट आहे. माहिती दडवल्यास दररोज अडीचशे आणि जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये दंडाची तरतूद आहे, पण दुसऱ्या अपिलाची पाळी यायला इतका काळ जातो की दंडाचा धाक उरत नाही.

मोठ्या प्रकरणांत अडचण वेगळी. अधिकाऱ्याने शासनाला सादर केलेले मालमत्तेचे विवरण ही वैयक्तिक माहिती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गिरीश देशपांडे प्रकरणात म्हटले. अपसंपदेचा पहिला धागा नागरिकाला मिळत नाही तो यामुळे.

१६. सहकारी संस्थेच्या पदाधिकाऱ्याने पैसे मागितले, तर हा कायदा लागू होतो का? ते सरकारी नोकर नाहीत ना?

साखर, दूध आणि पतसंस्थांच्या या जिल्ह्यात हा प्रश्न सर्वाधिक येतो आणि त्याचे उत्तर अनेक वकीलही घाईत चुकीचे देतात. शेती, उद्योग, व्यापार किंवा बँकिंग क्षेत्रातील नोंदणीकृत सहकारी संस्थेला सरकारकडून आर्थिक साहाय्य मिळत असेल किंवा पूर्वी मिळाले असेल, तर तिचे अध्यक्ष, सचिव व अन्य पदाधिकारी भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या व्याख्येनुसार लोकसेवक ठरतात. म्हणून संस्थेला शासकीय भागभांडवल किंवा अनुदान मिळाल्याचा कागद आधी मिळवावा.

साहाय्य मिळालेच नसेल, तर सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार कलम ८३ ची चौकशी आणि कलम ८८ खाली नुकसानभरपाईची वसुली हा मार्ग आहे. तो संथ आहे. शिवाय सभासदाला संचालकांविरुद्ध बोलायचे म्हणजे पुढच्या हंगामातील ऊसतोडीची पाळी कोण ठरवतो, याचा विचार करूनच बोलावे लागते.

१७. भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यांत महाराष्ट्र वरच्या क्रमांकावर असतो. म्हणजे आपणच सर्वांत भ्रष्ट का?

तसा निष्कर्ष निघत नाही. नोंदलेले गुन्हे म्हणजे झालेल्या तक्रारी. जिथे लोक तक्रार करतात आणि विभाग सापळे लावतो, तिथे आकडा फुगतो. जिथे कोणी बोलत नाही, तिथे तो शून्याजवळ राहतो. भ्रष्टाचाराच्या २०२४ च्या जागतिक निर्देशांकात १८० देशांमध्ये भारत ९६ व्या स्थानावर होता, पण तो निर्देशांक जाणकारांच्या आणि उद्योजकांच्या मतांवर बेतलेला असतो. लाच ही मोजता न येण्यासाठीच दिली जाते, त्यामुळे एखादा उपाय लागू पडला की नाही हे ठरवणेही अवघड होते.

१८. तक्रार केल्यास मला किंवा घरच्यांना त्रास होईल का?

सापळ्याच्या तक्रारींत शारीरिक त्रासाच्या घटना थोड्या आहेत. जास्त असतो तो सामाजिक दबाव. जमीन आणि बांधकामाच्या मोठ्या प्रकरणांत धोका खरा आहे. तळेगाव दाभाडे येथे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली. गैरकारभार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला, तो अंमलातच आणला गेला नाही. अशा प्रकरणांत एकट्याच्या नावाने अर्ज करू नये. चार-पाच जणांनी वेगवेगळ्या तारखांना एकाच विषयाची माहिती मागवावी. उच्च न्यायालयात जायचे असल्यास ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच सहा जिल्ह्यांसाठी सुरू आहे, त्यामुळे निदान मुंबईच्या फेऱ्या वाचतात.

१९. पैसे घेणारा अधिकारी आता निवृत्त झाला आहे. अजून काही करता येईल का?

फौजदारी गुन्हा निवृत्तीने पुसला जात नाही. मात्र २०१८ पासून कलम १९ ची मंजुरी निवृत्त लोकसेवकासाठीही लागते (प्रश्न ९ पाहा). विभागीय चौकशीचे गणित वेगळे आहे. निवृत्तिवेतन नियम, १९८२ मधील नियम २७ नुसार निवृत्तीनंतर चौकशी सुरू करायची असेल, तर ती घटना चौकशी सुरू होण्यापूर्वीच्या चार वर्षांतील असली पाहिजे. त्यामुळे तक्रार कधी केली याइतकेच दोषारोपपत्र कधी बजावले गेले हे महत्त्वाचे ठरते, आणि ती तारीख तक्रारदाराच्या हातात नसते.

एका प्रकरणात मी स्वतः अर्ज लिहून दिला होता. घटनेनंतर चार महिन्यांत तक्रार पोहोचली, प्राथमिक अहवाल प्रतिकूल आला आणि फाईल वरिष्ठ कार्यालयात गेली. ती तेथे तीन टेबलांवर फिरली. दरम्यान अधिकारी निवृत्त झाले. दोषारोपपत्रावर सही होण्याच्या दिवशी घटनेला चार वर्षे उलटून एकोणीस दिवस झाले होते.